दुर्मिळ सोयी कुठे लिहाव्यात

११ एप्रिल २०१६, सोमवार. संध्या. ७
डोकं फिरलं आहे. शेंद्र्याच्या एमआयडीसीत कंपनीच्या मीटिंगमध्ये होतो, तेवढ्यात दीपमालाचे सहा फोन. सोसायटीच्या ऑफिसात बसते. टँकर वाटपाचा प्रोग्राम मी सोसायटीला फुकट लिहून दिला, तो ती चालवते. काळ्या स्क्रीनवर एक कमांड टाकायची, की चौसष्ट घरांचे ड्रम कोणत्या क्रमाने भरायचे ती यादी बाहेर. टँकर शेवटच्या घरांपर्यंत पुरत नाही, म्हणून क्रम दर वेळी फिरतो. यापेक्षा सोपं काय असतं? तर म्हणे, सर, पुढं काय टाकू, मायनस आर का मायनस एस? आणि मी सांगायच्या आत टाकलं आर. यादी उलटी झाली. परवा ज्यांचे ड्रम कोरडे राहिले, त्यांचेच आज पुन्हा कोरडे. चौथ्या गल्लीतल्या बायका घागरी घेऊन ऑफिसवर. आणि दोष कुणाचा? माझा! पैठण रोडला आमच्या कॉलनीत अजून पाइपलाइन आली नाही, तोही माझाच दोष असेल.

१२ एप्रिल
चेअरमन सर्जेराव. कॉलनीची सगळी जमीन एके काळी त्यांची, म्हणून अजून आम्हाला वावरात शिरलेल्या ढोरांसारखं हाकतात. म्हणाले, मुकुंदराव, तुमच्या त्या मशिनीत काय काय हाय ते समदं एका कागदावर लिहून द्या, एक तारखेच्या मीटिंगात ठिवू. एका कागदावर! मायनस आर, मायनस एस असे तेवीस स्विच आहेत. अडाण्यांच्या हाती सॉफ्टवेअर!
संकल्प: एकही फीचर लपवायचं नाही. हे माझं तत्त्व आहे. प्रश्न फक्त कुठे लिहायचं, एवढाच.

१४ एप्रिल, सुट्टी
शांतपणे विचार केला. रोजचे पाच स्विच हेल्पमध्ये. हेल्प म्हटलं की स्क्रीनवर लगेच दिसतं, दीपमालाचे फोन बंद. उरलेले अठरा दुर्मिळ, क्वचितच लागणारे. ते हेल्पमध्ये टाकले तर पोरगी घाबरेल. नोटीस बोर्डवर नाही, तिथे सत्यनारायणाचं आमंत्रण आणि हरवलेलं मांजर. म्हणजे मॅन्युअल.
मायनस एक्सचाच काय तो प्रश्न. ही टेस्टिंगची सोय आहे. दिलेलं घर कायम पहिल्या दहात राहतं. टेस्टिंगला कुठलं तरी घर लागतंच. मी आमच्या घराचा नंबर २७ टाकला आणि स्विच कायम चालू ठेवला. फेब्रुवारीपासून टेस्टिंग सुरू आहे. घाई केली की सॉफ्टवेअर बिघडतं.

१५ एप्रिल
भानुमती म्हणते, काढून टाका तो एक्स. शेजारच्या २८ नंबरच्या गोजरबाईंनी तिला विचारलं म्हणे, ताई, तुमचा डरम रोजच कसा भरतो व? माझा तर तीनदा कोरडा ऱ्हायला. भानुमतीला म्हणे मान वर करता आली नाही.
बायकोला कोण समजावणार! चालू फीचर असं काढता येत नाही, सगळा प्रोग्राम ढासळू शकतो. रोज आंघोळ करताना बरी तिला ही लाज आठवत नाही. जेवलो नाही. (नंतर जेवलो.)

१८ एप्रिल
हेल्प लिहून झाली. मॅन्युअल पान ६.

२१ एप्रिल
पान १९. ऊन ४२. दीपमालाचा फोन, सर, हेल्पमधी सगळं घावलं, पण यादीत सत्तावीस नंबर खाली का जात नाही? म्हटलं, नेमून दिलेलं काम कर. फोन आपटला. स्वतःचाच होता, काच गेली.

२५ एप्रिल
निर्णय झाला. एक्स मॅन्युअलमध्येच. पान ३८, परिशिष्ट ग, 'इतर' खाली, तारखेच्या फॉरमॅटनंतर, इंग्रजीत. लपवलं असं कोणी म्हणू शकणार नाही. लिहिलेलं आहे. वाचायचं की नाही हे ज्याचं त्याने बघावं. एकेचाळीस पानं झाली. मन हलकं झालं.

२८ एप्रिल
मॅन्युअल ऑफिसात ठेवलं. सर्जेरावांनी उघडलंसुद्धा नाही, हातावर तोलून पाहिलं आणि म्हणाले, लई जड केलं राव. आठ नंबरचे काकासाहेब मात्र वाचायला घरी घेऊन गेले. जन्म सगळा सरकारी रेकॉर्ड रूममध्ये गेला त्यांचा. वाचू दे. सातव्या पानावर घोरायला लागतील.

१ मे, रविवार. दुपारी १

काकासाहेबांनी एकेचाळीस पानं वाचली. तांबड्या पेन्सिलीने. माझ्या शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा काढल्या! मीटिंगमध्ये उभे राहिले, पान ३८ वर बोट ठेवलं आणि इंग्रजीचं मराठी करून वाचलं: सदर सोयीन्वये घर क्रमांक सत्तावीस कायम पहिल्या दहात राहील. मी ओरडलो की, हे लिहिलेलं आहे, लपवलेलं नाही! काकासाहेब म्हणाले, व्हय, म्हणून तर घावलं.
ठराव: एक्सपुढे २७ काढून २८ टाकावा. गोजरबाई एकट्या, वय झालेलं. २७ नंबर जून अखेरपर्यंत यादीत शेवटी. दीपमालाने तिथल्या तिथे टाइप केलं. मला एका शब्दाने विचारलं नाही. कृतघ्न. सगळे कृतघ्न. गोजरबाई तेवढ्या म्हणत होत्या, ऱ्हाऊ द्या ना, कशाला भांडता. त्यांचं कोणी ऐकलं नाही.

३ मे
टँकर आमच्या दारात आला तेव्हा पाइपमधून नुसती हवा.

५ मे
तेच. भानुमतीने माझी आंघोळीची बादली उचलून स्वयंपाकघरात नेली. ओरडली असती तर निदान उत्तर तरी देता आलं असतं.

६ मे, सकाळी ८
दारात दोन घागरी भरलेल्या. भानुमती म्हणाली, गोजरबाईंनी ठेवल्यात, स्वतः उचलून आणल्या, तुम्ही जाऊन बोला. गेलो. फाटकाशी उभा राहिलो. त्या आतून म्हणाल्या, या ना, बसा, चहा टाकते. नको म्हणालो आणि परत आलो. बोलायचं ते बोललोच नाही.
लाज वाटली. इथेच लिहितो. दुसरीकडे कुठे लिहिणार?