बारावा कप्पा

प्रिय ताई,

तुझी भिंगरी अजून त्याच कामावर आहे, दहा महिने झाले. हसू नकोस. गॅरेज सहा आठवड्यांत सोडलं, बेकरी पंधरा दिवसांत, तेव्हा तू म्हणाली होतीस, बुडाला चाकं लावलीत का रे. इथे टिकलो, कारण इथल्या विमानालाच चाकं नाहीत.

चाकांच्या जागी दोन लांब पोकळ होड्या आहेत. पर्यटकांना घेऊन पाण्यावरून उडायचं, बेटांच्या रांगेवरून फिरवायचं, परत पाण्यावर उतरायचं. एकेका होडीत सहा कप्पे. त्यांत पाणी झिरपतंच. म्हणून दर फेरीआधी बूच काढून, हातपंपाने बाराही कप्पे कोरडे करायचे. ते माझं काम. मग कप्तान विचारणार, कोरडं? मी म्हणायचं, कोरडं.

कप्तान म्हणजे आमचा पायलट. साठी उलटलेली, गुडघे कामातून गेलेले. आधी तो स्वतः वाकून तपासायचा. मग एक दिवस म्हणाला, आता तुझ्यावर सोडलं. ताई, माझ्यावर कुणी काही सोडलंय असं कधी झालं होतं का, तूच सांग.

मागच्या महिन्यात एक जागा रिकामी होती, तर मला शेजारी बसवून वर नेलं. तू कापड बेतल्यावर जमिनीवर चिंध्या पडतात ना, तशी दिसतात बेटं वरून. हिरवी, वेडीवाकडी, कडेला फेसाची पांढरी शिवण. मी सबंध फेरी काचेला नाक लावून बसलो. कप्तान म्हणाला, बरा आहेस ना रे?

गेल्या मंगळवारी मी अकरा कप्पे उपसले. बारावा डाव्या होडीचा, अगदी पुढचा. त्यात हल्ली जास्तच झिरपायचं, वीस-वीस वेळा पंप मारावा लागे. तेवढ्यात एका कुटुंबाने फोटो काढायला बोलावलं. चौघं विमानापुढे उभी राहिली, धाकटीने दोनदा डोळे मिटले म्हणून तीनदा काढला. परत आलो आणि पंप उचलून ठेवला. कप्तानने खिडकीतून विचारलं. मी म्हणालो, कोरडं.

उतरताना डाव्या होडीचं टोक पाण्यात घुसलं आणि विमान उलटलं. कप्तानने चौघांनाही बाहेर ढकललं. तो निघाला नाही.

बुडालेल्या माणसाला पाहिलंस का कधी? पाहू नकोस.

सगळे म्हणतात लाट आली, वारा फिरला. मालक म्हणाला, तू तोंड बंद ठेव, तुला कोण विचारतंय. आणि खरंच कुणी विचारलं नाही. काल कप्तानची बायको धक्क्यावर आली. त्याचं जाकीट मला दिलं. म्हणाली, घरी सारखं तुझं नाव, पोरामुळे माझे गुडघे वाचले म्हणायचे. मी ते घेतलं, ताई. वर थँक्यूसुद्धा म्हणालो.

उद्या दहा वाजता चौकशीला आलेल्या बाईंकडे जाऊन बाराव्या कप्प्याचं सांगणार आहे. पुढे काय करतील ते माहीत नाही. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. आईला तू सांग, पण माझी बाजू घेऊन सांगू नकोस. ती विचारेलच, हा पळाला कसा नाही. तर सांग, स्टँडपर्यंत गेला होता, तिकीटही काढलं होतं. पण गार वारा सुटला, म्हणून जाकीट अंगात घातलं, आणि मग बसमध्ये चढता येईना.

तुझाच,
भिंगरी