पहिल्या भोकाशेजारचा ठिपका

३ मार्च

घासतंय! पुढचं डावं चाक घासतंय. उजवंही घासतंय. दोन वर्षं त्या पेटाऱ्यावर घालवली – लेकीनं भंगारातून उचललेली गाडी, आम्ही बापलेकीनं मिळून घरामागच्या शेडमध्ये उभी केलेली – आणि आता शेवटच्या घटकेला हे! मोठे ब्रेक हवेत हा हट्ट तिचाच. बसवले दुसऱ्या गाडीचे. आता त्या ब्रेकचा कॅलिपर – ब्रेक आवळणारा चिमटा – एवढा गलेलठ्ठ, की रिम त्याला आतून टेकते. चाक फिरवलं की खर्र-खर्र. आगीतून फुफाट्यात.

एकवीस तारखेला ती निघणार. नवी नोकरी, दोन दिवसांचा रस्ता, अर्धा डोंगरातला, एकटी – आणि याच गाडीनं. अठरा दिवस उरलेत.

४ मार्च

उपाय तसा सोपा. चाक ज्यावर बसतं तो हब आणि चाक यांच्यामध्ये एक जाड चकती घालायची. स्पेसर. चाक तेवढं बाहेर सरकतं, घासायचं थांबतं. लेक म्हणाली, तयार मिळतात, मागवते.

डोक्यात तिडीक गेली माझ्या. चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलो, केसाच्या जाडीचा फरक बोटानं सांगायचो, आणि माझ्या लेकीच्या चाकात विकतची चकती? म्हटलं, मी कातून देतो. ती पुन्हा गाडीखाली शिरली. ही मात्र स्वयंपाकघरातून म्हणाली, आधी डोळे दाखवून या. हिचं हे पालुपद वर्षभर चाललंय. निवृत्त माणसाचे डोळेच काय, सगळंच बायकोला खराब दिसतं.

५ मार्च

माप घेतलं. कॅलिपरवर कणकेचा गोळा चिकटवला, चाक चढवलं, फिरवलं, काढलं. कणीक जिथे चेपली तिथली जाडी मोजायची, की जागा किती कमी पडते ते कळतं. जुनी युक्ती. ही ओरडली – चार पोळ्यांची कणीक घेऊन गेलात! घेऊन गेलो. लेकीचा जीव मोठा की पोळ्या?

आठ मिलीमीटर. सहा घातले तर जेमतेम, दहा घातले तर वळताना टायर मडगार्डला लागेल. आठच. चकती मध्ये आली की नटाला आटे कमी पडतात, म्हणून नट ज्यांवर बसतात ते स्टड लांब लागतात. ते पोरीनं न सांगता आणून ठेवलेत. तेवढी अक्कल आहे.

७ मार्च

चेल्याच्या वर्कशॉपमध्ये गेलो. माझ्या हाताखाली शिकलेला, आता स्वतःचे दोन लेथ आहेत आणि डोक्यावर केस नाहीत. "उस्ताद" म्हणून पाया पडला, चहा आणला. पण उजेड! त्या वर्कशॉपमध्ये उजेड म्हणून नाही. बल्ब बदल म्हटलं. म्हणाला, गेल्या महिन्यातच बदलले सगळे.

ॲल्युमिनियमची जोडी कातली. स्टडसाठीच्या पहिल्या भोकाशेजारी सेंटर-पंचच्या टोकानं ठिपका मारला. ही माझी खूण. नोकरीच्या पहिल्याच वर्षी दुसऱ्याचा बिघडलेला माल माझ्या नावावर खपवला होता साहेबानं. त्या दिवसापासून माझ्या हातून सुटलेल्या प्रत्येक वस्तूवर ठिपका. चूक असेल तर माझी, नसेल तर माझी नाही.

८ मार्च

मडगार्डला घासतंय! जोडी दहाची निघाली. मी आठच वाचलं होतं. माझ्या व्हर्नियरच्या मापपट्टीवरच्या रेघा झिजल्यात, काय वाचणार कपाळ!

९ मार्च

आज शेडकडे फिरकलो नाही.

१० मार्च

चहा ओतताना कपाबाहेर गेला. ही हसली. मग हसायची थांबली आणि माझ्याकडे बघत बसली. म्हटलं, बघतेस काय, फडकं आण.

१२ मार्च

दुसरी जोडी. जाडी आठ – यावेळी चेल्याकडून वाचून घेतली, त्याच्या व्हर्नियरवर, माझं घरी राहिलं होतं म्हणून. घरी आणून चढवली. घासत नाही! लेकीनं चाक फिरवलं – आणि चाक डुगडुगतंय. पाट्यावर वरवंटा ठेवून फिरवावा तसं. चकती एका कडेला आठ, समोरच्या कडेला साडेसात.

कातताना कुठेतरी वाकडी धरली गेली. चेल्याच्या लेथवर माल पकडणाऱ्या चकाचे जबडे झिजलेत, दुसरं काय. तसं त्याला फोनवर सुनावलंही. तो अदबीनं म्हणाला, उस्ताद, रोजचा माल त्याच चकावर निघतो. आत हिनं पोळी लाटता लाटता म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं."

ताट तसंच ठेवून उठलो. चाळीस वर्षांत माझा एकही जॉब परत आला नव्हता. एकही नाही!

१३ मार्च

लेक शेडमध्ये माझ्याजवळ येऊन बसली. लहानपणी बसायची तशी, डब्यावर. सुट्टीच्या दिवशी कारखान्यात घेऊन जायचो तिला. लेथपाशी स्टुलावर उभी राहून माझे हात बघायची, तासन्‌तास.

म्हणाली, "बाबा, वेळ कमी आहे. मागवू का?"

"तुझा विश्वास नाही?"

"आहे." तिनं चाकाला एक फिरकी दिली. "पण डोंगरात एका बाजूला दरी असते."

राग आला. तिचा नव्हे. कुणाचा ते कळेना, म्हणून तिच्यावरच काढला. म्हटलं, एकदा शेवटचं कातू दे, जमलं नाही तर खुशाल मागव.

१५ मार्च

तिसरी जोडी झाली. दिवसभर उभा होतो, कमरेचा काटा ढिला झाला. जबडे स्वतः पुसले, चकतीच्या मागे धातूचा एक किस राहू दिला नाही.

एक गोष्ट फक्त इथे लिहितो. ठिपका मारताना पंच सरकला. भोकाच्या कडेवरच बसला, कडेला दात पडल्यासारखी खाच पडली. दोन्ही चकत्यांवर तेच. कुणी पाहिलं नाही. कामाला त्यानं बाध येत नाही.

घरी लेक चकती घेऊन खिडकीशी गेली, व्हर्नियर लावून गोल गोल मोजत राहिली. काय आहे विचारलं. म्हणाली, सहज बघत होते. उद्या बसवू म्हटलं, तर म्हणे, तुम्ही दमलात बाबा, दोन दिवस आराम करा, मी बसवते.

१७ मार्च

काल दिवसभर पोरीचा पत्ता नव्हता. आजही दुपारीच उगवली, उजव्या हाताच्या बोटाला ही मोठी पट्टी. भाजी चिरताना कापलं म्हणे. कुणाकडे? मैत्रिणीकडे. घरात कधी सुरी हातात धरली नाही, आणि मैत्रिणीकडे भाजी चिरायला जाते! निघाली एकटी जग फिरायला.

१८ मार्च

जमलं!!

डावं चाक – गप्प. उजवं – गप्प. फिरवलं की आपलं फिरतच राहतं. डुगडुग नाही, खर्र नाही, पूर्ण वळवलं तरी मडगार्डपासून बोटभर लांब. हिला हात धरून शेडमध्ये आणली. म्हटलं, बघ, अंगण सरळ झालं. ही "बरं" म्हणाली. एवढंच. लेक हत्यारं आवरत राहिली. कौतुक करताना या घराला घाम फुटतो.

१९ मार्च

चेला येऊन गेला. चाक फिरवून बघितलं, कान लावून ऐकलं. म्हणाला, उस्ताद, तुमचा हात पोरीत उतरलाय. मी म्हटलं, तिनं काय केलं? नट आवळले! तो हसला आणि चहा पीत राहिला. चेला चांगला, पण कुठे काय बोलावं याचा पोच नाही.

२० मार्च

साठ किलोमीटर फिरवून आणली. मी शेजारी बसलो होतो. उतारावर तिनं जोरात ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी उभी. स्टिअरिंगला थरथर नाही. रस्ताभर मीच बडबडत होतो – कसं कातलं, जबडे कसे पुसले. ती ऐकत होती.

उद्या सकाळी निघायच्या आधी नट पुन्हा आवळायचे. नव्या चकतीचे नट पहिल्या फेरीनंतर आवळावेच लागतात.

२१ मार्च

ती अंघोळीला गेली तेव्हा नट आवळायला बसलो. चकती नीट टेकलीय का बघावी म्हणून चाक काढलं. डोळ्यांना नीट दिसेना, म्हणून पहिल्या भोकापाशी नख फिरवलं. खाच नाही. शेजारी ठिपका – गोल, खोल, अगदी जागेवर. गेल्या दोन वर्षांत एवढा सुबक ठिपका माझ्या हातून पडलेला नाही. नट कसायचा मोठा पाना घ्यायला तिच्या हत्यारांची पेटी उघडली. तळाशी, मऊ फडक्यात गुंडाळून, माझ्या तिन्ही जोड्या.

पट्टी भाजीची नव्हती, चेल्याच्या लेथची होती.

आधी संताप आला. मग तिथेच, जमिनीवर बसून रडलो. मग चाक चढवून सगळे नट आवळले. ती आली, म्हणाली, "नीट बसलंय ना, बाबा? तुमचंच काम आहे."

हो म्हटलं.

गाडी वळणावरून गेली तेव्हा आवाज आला नाही. आत येऊन हिला सांगितलं, उद्या डोळे दाखवायला जाऊ.