चार विमानांची कोरी पोटं

तीर्थस्वरूप मामांना,

भाच्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आज गुडघ्यांपर्यंतच वाकता आलं. पायांपर्यंतचं राहिलेलं अंतर भेटीत पुरं करीन.) तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? गेल्या महिन्यात पाठवलेला चष्मा नाकावर नीट बसतो का? कानामागे टोचत असेल तर दांडी कोमट पाण्यात धरून हळूच वाकवायची. अर्थात हे मी तुम्हाला शिकवणं म्हणजे जरा जास्तच झालं. बावीस वर्षं लढाऊ विमानांखाली आडवं पडून तुम्ही पान्याने जे काय वाकवलंत आणि सरळ केलंत, त्यापुढे चष्म्याची दांडी ती काय! फोन तीनदा केला, वाजून वाजून थांबला. मामी गेल्यापासून तुम्हाला फोनवर बोलणं नकोसं वाटतं हे मी समजू शकतो, म्हणून पत्र. पत्र कसं, उचललं नाही तरी दारात पडून राहतं.

आता इकडची हालहवाल. तुमचा भाचा पंचावन्नाव्या वर्षी लढाऊ विमानं बांधायला लागला आहे. घाबरू नका, एकास बहात्तर ह्या मापाची आहेत, तळहातावर मावतात. झालं असं, की रविवारी दुकान बंद असलं की मी घरात रिकामा हिंडायचो आणि तुमच्या भाचेसुनेच्या स्वयंपाकघरात डब्यांना चिठ्ठ्या लावायचो. दोन रविवार तिने सोसलं. तिसऱ्या रविवारी मी मिठाच्या डब्यावर साखरेची चिठ्ठी लावली, त्याचा चहा मीच प्यायलो, आणि संध्याकाळी तिने वाचनालयाच्या फळ्यावरची एक जाहिरात उतरवून आणून माझ्या हातात दिली. 'छोटी विमानं बनवणाऱ्यांचा गट. प्रदर्शनासाठी चार जणांनी मिळून एक तुकडी उभी करायची आहे. तीन जण आहेत.' चौथा माणूस म्हणून माझी घरातून एकमताने निवड झाली. (मत एकच होतं.)

वाचनालयाच्या वर एक लांबट खोली आहे. एक मोठं टेबल, दोन खिडक्या आणि एक पंखा, जो कडक उन्हाळ्यातही लावायचा नाही, कारण वारा आला की विमानाचे सुटे भाग खरोखरच उडतात. गटाचे प्रमुख म्हणजे चित्रकलेचे निवृत्त सर. उंच, शिडशिडीत, बोलणं मोजकं. तुमच्या कामात चूक दिसली तर ते काही म्हणत नाहीत, फक्त खिडकीबाहेर बघतात. माझ्या पहिल्या रविवारी त्यांनी बाहेरचा रस्ता तोंडपाठ केला असेल. दुसऱ्या एक दंतवैद्यबाई, आमच्या डॉक्टरीणबाई, हात इतका स्थिर की सुईच्या टोकावर नाव लिहितील. तिसरे सव्वीस वर्षं शहर बस चालवलेले गृहस्थ. त्यांना आम्ही ड्रायव्हरसाहेब म्हणतो आणि ते आम्हाला 'मंडळी, आत सरका' म्हणतात.

मामा, विमानाचे एकशे अडुसष्ट भाग असतात. त्यातला एक भाग मोहरीएवढा आहे. तो कशाचा आहे ते मला अजून कळलेलं नाही. मी चष्मेवाला, तेव्हा सगळ्यांना डोळ्याला लावायची भिंगं मी पुरवली आणि त्या जोरावर पहिल्याच दिवशी मोठ्या आत्मविश्वासाने वैमानिकाची खुर्ची चिमट्यात धरली. चिमटा जरा जास्त दाबला गेला. टक्क असा आवाज आला आणि खुर्ची, संकटात वैमानिकाला घेऊन बाहेर पडायचं जे तिचं काम, ते तिने वैमानिक बसायच्या आधीच करून टाकलं. चार प्रौढ माणसं पाऊण तास गुडघ्यांवर रांगत होती. माझी कंबर अधूनमधून धरते ती तेव्हापासून. शेवटी ती खुर्ची डॉक्टरीणबाईंच्या अंबाड्यात सापडली. ड्रायव्हरसाहेबांना ती बरीच आधी दिसली होती, पण परक्या बाईच्या केसांत हात कसा घालायचा, म्हणून ते भिडेपोटी आमच्याबरोबर रांगत राहिले.

मग गोंदाचं प्रकरण. झटपट चिकटणारा गोंद म्हणजे किती झटपट, हे बाटलीवर लिहिलेलं नाही. डावा पंख माझ्या अंगठ्याला आणि तर्जनीला असा काही चिकटला, की सोमवारी सकाळी मी तो हातात घेऊनच दुकान उघडलं. पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे एक आजीबाई. त्यांनी पंखाकडे बघून विचारलं, की हे डोळे तपासायचं नवीन यंत्र का? आता इतका विश्वास टाकणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार? मी हो म्हटलं. त्यांनी आपण होऊन एक डोळा झाकला आणि सांगितलं, की कड स्पष्ट दिसते. दुसरा झाकला आणि म्हणाल्या, आता कडेला धुकं आहे. मी पुन्हा विचारलं, पुन्हा धुकंच. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं तर मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन होऊन आजीबाई आता ठणठणीत आहेत, आणि आपल्या मैत्रिणींना दुकानात पाठवताना 'पंखानेच तपासा म्हणावं' असं बजावतात.

सर सोडून आम्हा तिघांचं विमान शेपटीवर बसायचं. नाक हलकं, बूड जड. (माझ्या सासरच्या लोकांत ह्याच्या नेमकं उलट आहे, पण हे पत्र तुमची भाचेसून टाकायला नेणार असल्यामुळे विस्तार करत नाही.) नाक बंद करण्याआधी आत वजन भरायचं असतं, हे सर सांगायला विसरले नव्हते, आम्ही ऐकायला विसरलो होतो. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आपलं दात कोरायचं यंत्र आणलं, तिन्ही विमानांची नाकं कोरली, आत मासे धरायच्या गळाचे शिशाचे मणी भरले आणि वरून लिंपून दिलं. काम झाल्यावर सवयीने म्हणाल्या, 'दोन तास काही खायचं नाही.' विमानांच्या वतीने ड्रायव्हरसाहेबांनी मान हलवली.

रंगाचं काम मी घरी न्हाणीघरात केलं. त्याबद्दल इतकंच सांगतो, की फवाऱ्याने उडवलेला राखाडी रंग वाळायला एक रात्र लागते, हे मला माहीत होतं आणि दांडीवरच्या टॉवेलांना माहीत नव्हतं. तुमची भाचेसून सकाळी तोंड पुसून बाहेर आली ती थेट लढाईच्या तयारीतच. रंगही त्याच बेताचा होता.

आता जे सांगतो ते हसण्यावारी नेऊ नका.

आमची तीन विमानं पुढे सरकत होती आणि सरांचं दिसतच नव्हतं. एका रविवारी म्हणाले, गोंद वाळला नाही. पुढच्या रविवारी म्हणाले, घरी विसरलो. एकदा मी पॉलिश पेपर शोधायला कपाट उघडलं तर खालच्या फळीवर वर्तमानपत्राखाली त्यांचं विमान होतं. जोडकाम असं, की सांधा भिंगातूनही दिसू नये. पण वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेची चौकट रंगवली होती, ती रेघ रस्ता चुकलेल्या मुंगीसारखी वेडीवाकडी गेली होती. पुसून पुन्हा काढलेली, पुन्हा पुसलेली. मी वळलो तर सर मागेच उभे.

'हात ऐकत नाही हल्ली,' ते म्हणाले. 'डॉक्टर म्हणतात, आता असंच राहणार. एवढं प्रदर्शन झालं की मी थांबणार आहे.'

चाळीस वर्षं ज्या माणसाने शाळेतल्या पोरांना सरळ रेघ शिकवली, त्याला हे वाक्य उच्चारायला किती दिवस लागले असतील ते मला माहीत नाही. पॉलिश पेपर मिळाला, एवढंच म्हणालो आणि तोही मिळाला नव्हता. डॉक्टरीणबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, की तेवढी चौकट मी काढून देते, पाच मिनिटांचं काम. सरांनी सभ्यपणे नकार दिला. दुसऱ्याच्या हातची रेघ असलेलं विमान माझं कसं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोडणार कसं? पुढचे दोन रविवार आम्ही नुसता चहा पिऊन घरी गेलो.

तिसऱ्या रविवारी ड्रायव्हरसाहेब आमची तीन चकचकीत विमानं ओळीत लावून बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, 'मंडळी, ही दुकानातली वाटतात. रोज धावणारी गाडी अशी नसते.' आणि त्यांनी त्यांच्या बसचं वर्णन सुरू केलं. धुराच्या नळीमागे काजळी कशी पसरते, झाकणाच्या कडेचा रंग हातांनी कसा झिजतो, तेलाचा ओघळ कुठल्या खिळ्यापाशी थांबतो आणि कुठल्या खिळ्याला जुमानत नाही. डॉक्टरीणबाईंनी आपल्या विमानावर असा एक ओघळ काढून पाहिला. इतका सरळ आला, की तेल पट्टी लावून गळतंय असं वाटलं. माझा ओघळ म्हणजे शाई सांडली होती. तेव्हा ड्रायव्हरसाहेबांनी पातळ रंगाची वाटी सरांपुढे सरकवली.

सरांनी ब्रश उचलला. हात थरथरला, ब्रशही थरथरला, आणि धुराड्यामागे काजळी अशी उमटली, की मी नकळत नाकाला रुमाल लावला. त्यांनी दुसरा फटकारा मारला. मग पंखाच्या कडेला झिजलेल्या रंगाचे टवके काढले, बारीक, वेडेवाकडे, एकासारखा दुसरा नाही. विमान आत्ताच लांबून उडून येऊन उतरल्यासारखं दिसायला लागलं. अर्ध्या तासाने सरांनी मान वर केली आणि विचारलं, 'पुढचं कोणाचं आहे?' आम्ही तिघं आपापलं विमान घेऊन रांगेत उभे राहिलो. डॉक्टरीणबाईंचे डोळे भरले होते. त्या रंगाच्या वासाला दोष देत होत्या.

आता सर थांबायचं नाव काढत नाहीत. काचेच्या चौकटीची ती वाकडी रेघ त्यांनी तशीच ठेवली. विचारलं तर म्हणतात, घाईत दुरुस्त केलेलं विमान आहे. प्रदर्शन येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, खाली वाचनालयातच आहे. बाकी सर्व क्षेम. पत्र सहजच लिहिलं, विशेष काही काम नाही. चष्म्याचं मात्र कळवा.

तुमचा भाचा

ता.क. एक बारीकसं काम होतं. चारही विमानं वरून तयार आहेत, पण उलटी केली तर पोटं कोरी आहेत. पुस्तकांत सगळे फोटो वरून नाहीतर बाजूने. पोटाशी तेल कुठून गळायचं, चाकांच्या दारांत चिखल किती साचायचा, तुम्ही लोक झाकणांवर खडूने काय लिहायचात, हे कोणाला माहीत नाही. ड्रायव्हरसाहेबांचं ज्ञान बसच्या पोटापर्यंत. हे पत्राने कळण्यासारखं नाही. तुम्ही आठवडाभर आलात तर बरं होईल.

ता.क. २. एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. गटात तुमचा विषय निघाला तेव्हा उत्साहाच्या भरात मी 'माझे मामा लढाऊ वैमानिक होते' असं म्हणून गेलो, आणि ते प्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिकेवर, प्रमुख पाहुणे म्हणून, छापून आलं. काल मी सरांकडे जाऊन खरं सांगून टाकलं, की मामा उडाले नाहीत, त्यांनी विमानं दुरुस्त केली. सरांनी खिडकीबाहेर पाहिलं नाही. म्हणाले, 'मग जास्तच चांगलं. वैमानिकाने आपल्या विमानाचं पोट कधी पाहिलेलं असतं?' आणि साठ पत्रिकांवर 'वैमानिक' खोडून वर 'मेकॅनिक' असं स्वतः, आपल्या हाताने लिहीत बसले. अक्षर वाकडं आलंय. एक पत्रिका सोबत आहे.

ता.क. ३. मामा, मी तुमची भाचेसून. पाकीट चिकटवण्याआधी लिहिते आहे. (सासरच्या लोकांचं मी वाचलं आहे.) पोटं रंगवण्यासाठी ह्यांचं काहीही अडलेलं नाही. ड्रायव्हरसाहेब रंग घेऊन कधीचे बसले आहेत, पण तुम्ही याल म्हणून सगळ्यांनी मिळून काम अडवून धरलं आहे. मामींच्या मागे तुम्ही एकटे जेवता, हे ह्यांना सहन होत नाही आणि तसं लिहिताही येत नाही, म्हणून एवढी विमानं मध्ये आणली. मागच्या खोलीत तुमची गादी घातली आहे, टॉवेल नवीन आहे. पुढच्या शुक्रवारी दुपारच्या गाडीला आम्ही स्टेशनवर येतो. तुम्ही उतरला नाहीत, तर समोरच्या फलाटावरून सुटणाऱ्या गाडीने चारही विमानं घेऊन आम्हीच तिकडे येऊ. विमानं हेच धरणार आहेत, तेव्हा विचार करा.