निळा तुकडा

बाबा,

तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं झाली, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. तळ्यातले मासे तपासणं हे आता माझं काम. आज एका माशाच्या पोटात नायलॉनचा केसाएवढा तुकडा निघाला. तुमच्या जाळ्याचाच निळा. होडीत बसून जाळं शिवताना तुम्ही धागा दातांनी तोडायचात आणि टोक पाण्यात थुंकायचात. आई ओरडली की म्हणायचात, "एवढ्याशानं तळ्याचं काय बिघडतंय?"

अहवालात मी 'उगम अज्ञात' असं लिहिलं.

घरी येऊन लेकीच्या फ्रॉकला बटण लावलं आणि पॉलिएस्टरचा धागा सवयीनं दातांनीच तोडला. तो तुकडा कुठे थुंकावा, कळेना. हे लिहितेय, तरी तो अजून तोंडातच आहे.

तुमची,
धाकटी