बापाकडूनही येतं

मु. म्हसा, ता. मुरबाड
२ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप कमळाकरदादा,
साष्टांग नमस्कार. इकडे सगळे ठीक. यंदा भात बरं उतरलं. जत्रा उठली, आता गावात धूळ तेवढी उरलीय. भातसानगरहून तुझी बदली होणार होती, तिचं काय झालं? वहिनींचा गुडघा कसा आहे?

दिपिकाच्या साखरपुड्याला मी आले नाही म्हणून तू रागावलास, असं कळलं. ताप आहे असं मी कळवलं होतं. ताप नव्हता. त्या दिवशी मी ठाण्याला इस्पितळात होते. माझा डावा स्तन काढला.

चार दिवस कागद घेऊन बसत होते, आज लिहून टाकलं.

गाठ तपासली ती तिसऱ्या दर्जाची निघाली, म्हणजे झपाट्याने वाढणारी. काहींना हार्मोनच्या गोळ्या लागू पडतात, तशी ही नाही. कुठलं औषध लागू पडेल ते सांगणाऱ्या तिन्ही चाचण्या निगेटिव्ह, त्यामुळे केमोच. काखेतही पसरली होती. "सहा महिने आधी आला असतात तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी का गेले नाही ते तुला ठाऊक आहे. हिराताईच्या दहाव्याला नदीवरून परतताना मी तुला विचारलं होतं, "दादा, काशीआत्या अशीच गेली, आता ताई. आपल्यात हा आजार हाय का रे?"

तू म्हणालास, "नाय गो. ताईचं नशीब. तुला काय नाय होत."

ताईला दवाखान्यात नेणारा तूच, म्हणून मी विश्वास ठेवला. गेल्या उन्हाळ्यात गाठ हाताला लागली तेव्हा तुझे तेच शब्द स्वतःला ऐकवले. मग लावणी उरकली, कापणीही उरकली.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी ताईचे जुने कागद मागितले. ताईची रोशनी तुझ्या घरी गेली. तू ड्युटीवर होतास, वहिनींनी माळ्यावरून फाइल काढून दिली. त्यात ताईच्या रक्ताचा रिपोर्ट होता. बीआरसीए-वन नावाच्या जनुकात दोष, म्हणजे हा आजार घराण्यातून उतरणारा. सोबत इस्पितळाची चिठ्ठी, की रुग्णाच्या भावंडांनी आणि मुलीने तपासणी करून घ्यावी. खाली तुझ्या अक्षरात 'समजले, सर्वांना कळवतो' आणि सही. तारीख ताई जायच्या दोन महिने आधीची.

रोशनी माझ्या शेजारी बसून ते वाचत होती. आईवेगळी पोर, दादा. तिलाही तू सांगितलं नाहीस.

दिपिकाला तेव्हा स्थळं यायला लागली होती. घराण्यात रोग आहे अशी बोलणी होतील, याची तुला भीती वाटली असेल. ते मला कळतं. कळलं म्हणून माफ करता येत नाही.

इस्पितळातल्या बाईंनी कागदावर आपलं सगळं घराणं काढून दाखवलं. काशीआत्या बाबांची बहीण, तेव्हा हा दोष बाबांकडून आलेला. त्यांना स्वतःला काही झालं नाही, पण ताईला दिला, मला दिला; माझ्याही रक्तात तोच निघाला. तुझ्यात असण्याची शक्यता निम्मी. तुझ्यात असला तर दिपिकात निम्मी. हे बायकांचं बायकांकडे जातं, असं तू समजून बसला असशील. बापाकडूनही येतं.

गेल्या रविवारी मी दिपिकाला बोलावून घेतलं आणि फाइल तिच्यापुढे ठेवली. तिने सगळं वाचलं. रडली नाही. एवढंच विचारलं, "आत्या, बाबांना म्हाईत व्हतं?"

मी म्हटलं, "व्हतं."

मंगळवारी ती आणि रोशनी जाऊन रक्त देऊन आल्या. सासरच्यांना ती स्वतः सांगणार आहे. तुझ्याशी मी बोलू का, असं विचारलं तर म्हणाली, "नको, मीच बोलन." ती बोलेल तेव्हा निदान तिच्याशी खोटं बोलू नकोस.

मला भेटायला येऊ नकोस. आधी आपलं रक्त तपासून घे. जो रिपोर्ट येईल तो दोन्ही पोरींना तूच वाचून दाखव.

तुझ्या दोन बहिणींपैकी आज उरलेली,
संजीवनी