चाळीस पुरुष आणि आमची चूल

प्रिय शेखरराव यांना शहापूरहून कुंडलिकचा रामराम.

मामांचा गुडघा आता कसा आहे? मामींना नमस्कार. तुमच्या बहिणीचं, नम्रताचं, मी मुद्दाम विचारत नाही. (रुसून माहेरी गेलेल्या बायकोची चौकशी नवऱ्याने करू नये, असं आमचा काळूरामकाका म्हणतो. त्याचं लग्न झालेलं नाही.)

तर मागच्या आठवड्यात भातसानगरजवळ ख्रिस्ती पुरुषांचं शिबिर होतं आणि स्वयंपाक माझ्याकडे होता. देशोदेशीचे चाळीस बाप्ये, विषय एकच: खरा पुरुष कसा असावा? हा प्रश्न आपल्याकडे कोणाला पडल्याचं ऐकलं नव्हतं, म्हणून डाळ ढवळता ढवळता कान तिकडेच ठेवला. अमेरिकेचे एक धिप्पाड गृहस्थ म्हणाले, पुरुषाने रानात जाऊन लाकडं फोडावीत. आणि खरोखरच कुऱ्हाड घेऊन घामाघूम झाले. जळण आणणारी आमची भिमी पदर तोंडाला लावून हसत सुटली. "ह्यो तं बायकांचा काम करतो रे!" म्हणाली आणि तीन घावांत ओंडका मोकळा केला. कोरियाचे एक आजोबा निराळेच. मुलाला आयुष्यात कधी जवळ घेतलं नाही म्हणून ते त्याला पत्र लिहीत बसले आणि सगळ्यांदेखत रडले. कोणी हसलं नाही, याचंच मला नवल वाटलं.

शेवटच्या दिवशी वसईच्या दुभाष्या मास्तरांनी मलाच विचारलं, "कुंडलिकभाऊ, तुमच्यात पुरुष घरी काय करतो?" मी छाती काढून सांगितलं, "आमच्यात पुरुष चुलीला हात लावत नाय." मास्तरांनी ते इंग्रजीत सांगितलं. चाळीसच्या चाळीस जण माझ्या हातातल्या पळीकडे बघत राहिले, मग असे हसले की विचारू नका. नम्रता दुसरं काय म्हणत होती? दवाखान्यातली ड्युटी करून संध्याकाळी दमून आले तर भात तरी लावून ठेवा, एवढंच. त्यावर मी गाव काय म्हणेल म्हणून ओरडलो होतो. शेखरराव, मला फार लाज वाटली.

पण म्हणून मी नमलो असं समजू नका. यायचं तर तिने आपणहून यावं. मी बोलावणार नाही.

आपला,
कुंडलिक

ता. क. सोमवारी तुमच्याकडे मुरबाडला येतो आहे. तिला सांगू नका. सांगितलंत तरी चालेल.

ता. क. दुसरा: कालपासून घरी मीच रांधतो आहे. आमच्या घरात मीठ कुठल्या डब्यात असतं, तेवढं तिला विचारून कळवा.