पोत्याच्या तळाचा मका

चामराजपुरम, म्हैसूर
१८ सप्टेंबर २०१३

चि. सौ. अंबूस आशीर्वाद.

आईचा गुडघा बरा आहे. भाजीला ती पुन्हा अग्रहाराच्या बाजारापर्यंत चालत जाते. फोनच केला असता, पण तू लगेच तो मानाजीरावांच्या हातात देतेस, म्हणून पत्र.

काल मानाजीराव मेटगळ्ळीला आमच्या खाद्यतपासणीच्या प्रयोगशाळेत आले होते. माहेरी फराळ पाठवावा तसा तू स्टीलच्या डब्यात मका पाठवला होतास. दाणा न् दाणा निवडलेला. अंडी कमी झालीत, मेलेल्या कोंबड्यांची काळिजं पिवळट निघाली, हे त्यांनी जाता जाता सांगितलं.

डब्यातला मका स्वच्छ निघाला.

"बघा अक्का," ते म्हणाले, "अंबूनं गच्चीवर ऊन दिलं की सगळं जातं. आमची आई तर शेजारच्या पोल्ट्रीवाल्यांनाही तिच्याकडे शिकायला पाठवते."

उन्हानं बुरशी वाळते, वास जातो. तिचं विष बहुतेक दाण्यातच राहतं. हे त्यांना मीच शिकवलं होतं. लग्नाआधी दर महिन्याला ते नमुना घेऊन यायचे. तेव्हा मला मॅडम म्हणायचे. बाकावर बसून प्रश्न विचारायचे, उत्तर कळलं तरी पुन्हा तेच. नवरात्रात त्यांना जेवायला मीच बोलावलं. वाढायला तू होतीस. त्यानंतर नमुने बंद झाले.

मी म्हटलं, "कोंबड्या डब्यातला मका खात नाहीत. प्रत्येक पोत्यातून, तळापासून, न निवडता आणा."

ते हसले. "सुम्ने, उगाच घाबरवता. अंबूच्या कामात तुम्हाला खोट काढायचीच असते."

अंबू, ते चुकीचं बोलले असं मी लिहिणार नाही. तुझी गच्ची, तुझं कौतुक, तुझं नाव घेताना त्यांचा बदलणारा आवाज, काहीच मला सोसत नाही. अहवालावर सही केली असती तर तो खोटा ठरला नसता. डब्यापुरता तो खराच होता. तुमच्या शेडमध्ये पुढे जे झालं असतं, त्याचा दोष तुझ्या उन्हाला लागला असता. पेन हातात होतं.

सही केली नाही.

तो मका घालणं आजच थांबव. पोती तू स्वतः उघड. हिरवे-काळे दाणे फेकू नकोस, मला तेच हवेत. आणि डबा तू घेऊन ये.

त्यांच्या हाती पाठवू नकोस.

तुझी
वनजाक्का